टपावरचा वारा

पळस्पे फाटा मागे टाकून गाडी कर्नाळ्याच्या चढाला लागली, तेव्हा मी अण्णांना विचारले की पेणला चहासाठी थांबायचे का, आणि त्यांनी मान डोलावली. पेणला मी गाडी कडेला घेतली, तर अण्णा चकित होऊन म्हणाले, “का रे, काय झालं गाडीला?” त्याआधी खारपाड्याच्या पुलावर मी त्यांना गावच्या घराच्या कौलांविषयी विचारले होते आणि तेव्हाही त्यांनी अशीच मान डोलावली होती. कळव्याहून माणगावपर्यंतच्या त्या प्रवासात मी किती बोललो आणि त्यातले त्यांच्यापर्यंत किती पोहोचले, याचा हिशेब परतीच्या वाटेवर मी मनाशी मांडला, आणि मला फार वाईट वाटले. अण्णांचे वय ७८ आहे, त्यांना कमी ऐकू येते, हे मला ठाऊक होतेच. पण घरी, समोरासमोर बसून, आम्ही तासन्‌तास बोलतो. गाडीतच ते गप्प होत होते.

गाडी कापडी टपाची आहे. कंपनी कोणतीही असली तरी आमच्या घरात तिला जीपच म्हणतात. २०२१ साली ती घेतली तेव्हा तिच्यावर काहीही नव्हते, आणि तेव्हा तिच्यातला आवाज मला आठवतो तसा सुसह्य होता. मग पावसाळ्यात माळशेजला, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला जाण्याच्या निमित्ताने एकेक वस्तू चढत गेली. कापडी टप वजन पेलत नाही, म्हणून तुर्भ्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने गाडीच्या अंगाला आधार देऊन २५ मि.मी. जाडीच्या पाइपांची चौकट उभी केली आणि तिच्यावर १२ मि.मी.च्या सळ्यांची जाळी बसवून कॅरियर तयार केले. ती जाळी कापडापासून जेमतेम चार बोटे वर राहिली. समोरच्या काचेच्या वरच्या कडेला एलईडी दिव्यांची लांब पट्टी आली, उजव्या खांबाला स्नॉर्केल (इंजिनासाठी उंचावरून हवा ओढणारी नळी) आले, आणि बॉनेटच्या बाजूला एक उंच अँटेना आली. (मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम गाडीतल्या बदलांविषयीच आहे. असे काही बसवण्याआधी ते वाचून घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. मी ते नंतर वाचले.) प्रत्येक वस्तू घेताना तिचा उपयोग मला स्पष्ट दिसत होता. ती वर्षाचे उरलेले दिवस वाऱ्यात काय करते, हा प्रश्न मात्र मनात आला नव्हता.

ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गाडी बोलू लागे. आधी एक बारीक घुमणारा सूर, मग ७५च्या आसपास त्याच्यावर चढणारी तीक्ष्ण शिट्टी, आणि या दोन्हींच्या खाली सतत चाललेली जड घरघर. कापडी टपाची गाडी म्हटल्यावर एवढे चालायचेच, असे सगळे सांगत. मी तेच मानत आलो होतो. पेणच्या त्या चहानंतर मला ते मानवेना.

कळव्याच्या पुलावरून भरतीच्या वेळी खाडीत पाहिले तर पुलाच्या खांबांमागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे भोवरे आळीपाळीने सुटत जाताना दिसतात. वाऱ्यात धरलेल्या कोणत्याही सळईमागे हवेचे असेच भोवरे सुटतात, आणि प्रत्येक भोवरा सुटताना सळईच्या अंगावरचा दाब एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुकतो. हे झुकणे सेकंदाला काहीशे वेळा झाले की कानाला तो सूर म्हणून ऐकू येतो. चेनेक स्ट्रौहाल या चेक शास्त्रज्ञाने १८७८ साली वाऱ्यात गाणाऱ्या तारांचा अभ्यास करून यातला साधा नियम दाखवून दिला. हवेचा वेग भागिले सळईची जाडी, गुणिले सुमारे ०.२, एवढे केले की सुराची कंपनसंख्या मिळते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. १२ मि.मी.च्या सळईसाठी उत्तर येते ३७० हर्ट्झ, म्हणजे हार्मोनियमवरची मध्य सप्तकातली काळी तीन.

हे मी कागदावर मांडले, पण कानाने ते पडताळले माझ्या मुलीने. ती नववीत आहे आणि ठाण्यात गाणे शिकते. एका रविवारी पहाटे पाम बीच रस्त्याने उरणच्या बाजूला जाऊन आम्ही अटल सेतूवर चढलो आणि मी वेग ८०वर स्थिर धरला. मुलगी डोळे मिटून बसली, सूर गुणगुणून पाहिला आणि म्हणाली, “बाबा, काळी तीन नाही, काळी चार आहे.” मोबाइलवरच्या सूर दाखवणाऱ्या अ‍ॅपनेही ४१५ हर्ट्झच दाखवले. मला आधी वाटले की गणितच चुकले. पण हवा समोरच्या काचेवरून चढून टपावर येताना दाटीतून वाट काढते, आणि त्यामुळे तिथे तिचा वेग गाडीच्या वेगापेक्षा जास्त असतो. काळी चारचा हिशेब उलटा केला तर सेकंदाला २५ मीटर निघतात. म्हणजे वेगमापकावर ८० असताना माझ्या कॅरियरला ताशी ९०चा वारा लागत होता. एका सुराने एवढी गोष्ट सांगावी, याचा मला त्या पहाटे फार आनंद झाला, आणि आजही तो आठवला की होतो.

पहाटेची वेळ मुद्दाम निवडली होती. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे आणि त्यातला साडेसोळा किलोमीटरचा भाग समुद्रावरून जातो, त्यामुळे तिथे दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात केलेली चाचणी काही उपयोगाची नसते. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आला तर ८०च्या वेगाने चाललेल्या गाडीला तो १००चा लागतो. पहाटेचे मतलई वारे बहुधा मंद असतात. तरीही मी प्रत्येक मोजमाप जातानाचे आणि येतानाचे असे दोन्ही घेत असे. पुलावर थांबता येत नाही आणि दर खेपेला टोल भरावा लागतो, म्हणून बहुतेक काम पाम बीच रस्त्यावर पहाटेच्या मोकळ्या वेळी, वेगमर्यादेत राहून केले, आणि पूल शेवटच्या खात्रीसाठी ठेवला.

पद्धत अगदी साधी होती. रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी घ्यायची, एका फेरीला एकाच वस्तूवर लावायची आणि आवाजात काय बदलते ते ऐकायचे. एका वेळी दोन ठिकाणी पट्टी लावण्याचा मोह होतो. तो आवरला नाही तर नेमके काय बदलले ते कळत नाही. वारा कुठून कुठे वळतो ते पाहण्यासाठी टपाच्या कडेला आणि खांबांवर लोकरीचे वीतभर धागे चिकटवले आणि मुलीला दुसऱ्या गाडीतून चित्रण करायला सांगितले. जिथे धागा शांतपणे मागे पडून राहतो तिथे हवा सरळ वाहते, आणि जिथे तो वेड्यासारखा गरगरतो तिथे आवाज जन्मतो. कॅरियरच्या मागचा एकही धागा स्थिर नव्हता.

शिट्टीचे मूळ एलईडी पट्टीत निघाले. तिच्या पाठीला उष्णता घालवण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या असतात. माझ्या पट्टीच्या पात्या सुमारे २ मि.मी. जाडीच्या आहेत. मघाचाच नियम त्यांना लावला तर उत्तर २५०० हर्ट्झ येते, म्हणजे थेट कानात घुसणारा सूर. अनेक जण या पात्यांमध्ये फोम कोंबून टाकतात, ते मला पटत नाही, कारण दिवा लावल्यावर उष्णतेला बाहेर पडायला जागा राहत नाही. मी पट्टीच्या पुढच्या वरच्या धारेला दरवाज्याला लावतात तसले रबरी बीडिंग बसवले, पट्टी आणि काचेची चौकट यांच्यामधली फट हवा आरपार जाऊ न देणाऱ्या, बंद छिद्रांच्या रबराच्या पट्टीने बुजवली आणि पात्यांमध्ये दर हातभर अंतरावर सिलिकॉनचा एकेक छोटा तुकडा अडकवला. शिट्टी पहिल्याच फेरीत गेली. कॅरियरच्या पाइपांची टोके उघडी होती आणि बोल्टसाठी पाडलेली चार भोके रिकामी होती. बासरीला लागते ते सगळे तिथे तयारच होते. टोकांना प्लास्टिकच्या टोप्या आणि भोकांना रबरी बुचे, एवढ्यावर तो भाग संपला. स्नॉर्केल आणि खांब यांच्यामधल्या फटीतही रबर भरले.

सळ्यांसाठी मी धुरांड्यांकडून शिकलो. उंच पोलादी धुरांड्याच्या वरच्या भागावर जिन्यासारखे पिळत गेलेले पत्र्याचे पंख आपण अनेकदा पाहतो. वाऱ्याचे भोवरे धुरांड्याच्या पूर्ण उंचीवर एकाच तालात सुटू नयेत, म्हणून ते लावलेले असतात. काही गाड्यांच्या अँटेनावरही तसाच बारीक पीळ असतो, तोही याच कारणासाठी. मी समोरच्या तीन सळ्यांवर ३ मि.मी. जाडीची नायलॉनची दोरी दर पाच-सहा सेंटीमीटरला एक वेढा पडेल अशी गुंडाळली, टोके पक्की बांधली आणि पुलावर गेलो. काळी चार नाहीशी झाली होती. नेमका सूर फुटून त्याची पसरट सळसळ झाली होती. मोबाइलवरच्या आवाजमापकाने ८४ डेसिबलचे ८१ दाखवले. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण त्याच फोनवर त्याच जागी घेतलेल्या दोन आकड्यांमधला फरक विश्वासाचा असतो.

पुढच्याच आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने अण्णांना घेऊन निघालो. वाशीच्या पुढे गाडीने वेग घेतला तेव्हा मी विचारले, “अण्णा, शिट्टी गेली ना?” त्यांनी ऐकले नाही. पुन्हा मोठ्याने विचारल्यावर ते म्हणाले, “कसली शिट्टी?”

त्यांना ती कधी ऐकूच आली नव्हती. मी महिनाभर राबून जो आवाज घालवला होता, तो माझ्या आणि माझ्या मुलीच्या कानांतला होता.

अण्णा १९६६ साली मुंबईत आले आणि एका गिरणीच्या लूम खात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यानंतर ते पुन्हा कधी मागावर उभे राहिले नाहीत. सोळा वर्षे ते धोट्याच्या मागांमध्ये होते. तसल्या खात्यात आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. आठ तासांच्या पाळीसाठी कारखान्यात ९० ही मर्यादा धरली जाते, आणि त्या काळी कानात घालायला त्यांना कोणी कापूसही दिला नव्हता. अशा आवाजाने होणारे बहिरेपण आधी ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते आणि वर्षे जातात तसे खाली पसरते. वाढते वयही वरच्याच पट्टीतले ऐकणे खाते. ठाण्यातल्या डॉक्टरांनी काढलेला त्यांच्या कानांचा आलेख मी कपाटातून काढून पहिल्यांदा नीट पाहिला. २००० हर्ट्झच्या पुढे तो कड्यासारखा खाली कोसळतो. माझी २५०० हर्ट्झची शिट्टी त्या कड्याच्या पलीकडे होती.

उरले होते ते फक्त खालच्या पट्टीतले ऐकणे, आणि तिथेच ती जड घरघर त्यांना छळत होती. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या लहान आवाजांना झाकून टाकतो. ‘स’, ‘श’, ‘ट’, ‘फ’ ही व्यंजने अण्णांना आधीच धूसर ऐकू येतात. घरघर शब्दांतले स्वरही गिळत होती. मी तेव्हा आवाजमापकाची पट्टी बदलून पाहिली. ‘ए’ मापन माणसाच्या कानासारखे चालते आणि खालच्या पट्टीतले आवाज कमी धरते, ‘सी’ मापन ते जवळजवळ पूर्ण धरते. ‘ए’ मापनात तीन डेसिबल उतरले होते. ‘सी’ मापनातला आकडा जिथे होता तिथेच होता. तो फोन पहिल्या दिवसापासून मला हे सांगायला तयार होता, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी अण्णांकडून कळली. लूम खात्यात बोलणे ऐकू येतच नसे, म्हणून माणसे एकमेकांच्या ओठांकडे आणि हातांकडे पाहून बोलत. अण्णा गाडीत सतत माझ्याकडे पाहत असत, आणि मला वाटे की त्यांचे रस्त्याकडे लक्ष नाही. ते माझे ओठ शोधत होते, आणि मी समोर पाहत गाडी चालवत होतो.

मग कामाची दिशा बदलली. घरघरीचा उगम टपाचे कापडच होते. त्याच्यावरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे वरचा दाब कमी होतो, कापड फुगते, पुन्हा बसते, आणि कॅरियरच्या सळ्यांमागचे भोवरे चार बोटांवरून त्याच्यावर आदळत राहतात. संबळाच्या कातड्यावर अखंड टिपऱ्या पडाव्यात तसे ते होते. सळ्यांवर दोरी गुंडाळून सूर गेला होता, पण मार थांबला नव्हता. मी कॅरियर जाळीसकट काढले. ते आता आमच्या गॅलरीत उभे आहे, आणि ट्रेकला जायचे असेल तेव्हा चार बोल्टांवर परत चढते. ‘सी’ मापनात एकट्या त्या कामाने चार डेसिबल उतरले. पुढे केलेल्या कोणत्याही कामाने एवढे दिले नाही, म्हणून मी कोणालाही आता हेच आधी सांगतो की जे रोज लागत नाही ते रोज वाऱ्यात ठेवू नये.

त्यानंतर कापड ताणून बसवले. उन्हाने ते सैल पडते, त्यामुळे पट्टे मे महिन्यात पुन्हा आवळावे लागतात. काचेच्या चौकटीवर टपाची पुढची कड नीट दाबली जाते का, हे पाहण्यासाठी कागदाची पट्टी मध्ये ठेवून टप बंद करायचा आणि पट्टी ओढायची. ती सहज निघून आली तर तिथे फट आहे. माझ्या टपाला दोन्ही कोपऱ्यांत अशी फट होती, तिथले बीडिंग बदलले. कळव्याच्या एका कुशनवाल्याने आतून जाड फेल्ट आणि वजनदार रेक्झिन यांचे अस्तर शिवून दिले. पातळ पडद्यातून आवाज किती आत येतो हे त्याच्या वजनावर ठरते, वजन दुप्पट केले तर सुमारे सहा डेसिबल कमी होतात. कापड चौरस मीटरला साधारण एक किलोचे, आणि अस्तर दोन किलोचे. हिशेबाने नऊ डेसिबल मिळायला हवे होते, मिळाले तीन, कारण खिडक्यांच्या झिपांमधून आवाज येतच राहतो. नुसता हलका फोम लावणारे निराश होतात ते याच कारणाने. फोमला वजनच नसते.

आणि शेवटी वेग. वाऱ्यात उभ्या असलेल्या वस्तूच्या आवाजाची शक्ती वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. ९०वरून ७५वर आलो तर ती तिसऱ्या हिश्शावर येते. माणगावपर्यंत एवढ्याने फार तर वीस मिनिटे जास्त लागतात.

दिवाळीनंतर आम्ही तिघे पुन्हा गावी निघालो. टपावर कॅरियर नव्हते, एलईडी पट्टीही मी काढून ठेवली होती, काटा ७५वर होता. कर्नाळा गेले, खारपाड्याचा पूल आला, आणि खाली पाताळगंगेकडे पाहत अण्णांनी आपण होऊन विचारले, “कौलं सगळी उतरवायची, का नुसती चाळायची?” मी समोर पाहतच म्हणालो की वासे किती किडलेत ते बघून ठरवू. ते म्हणाले, “वासे सागाचे आहेत, माझ्या बापानं घातलेले, त्यांना काही होत नाही.” मग त्या वाशांची गोष्ट सुरू झाली, ते कोणत्या रानातून आणले, कोणाच्या बैलगाडीतून, आणि वाटेत नदीला पाणी कसे आले. मी एकही वाक्य दोनदा बोललो नाही.

वडखळच्या अलीकडे मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, “बाबा, मागच्या खिडकीच्या झिपेपाशी अजून काहीतरी थरथरतंय.” मी काही बोलण्याआधीच अण्णा मागे वळले आणि म्हणाले, “कुठं? दाखव बघू.”